पंप, गाडी आणि मंजूर भार

३ मार्च, सोमवार

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या स्कूटरला पदच्युत करण्यात आले. एकोणीस वर्षे ती पोर्चमधल्या डाव्या खांबाशी ज्या इतमामाने उभी राहत असे, ती जागा हिच्या नव्या विजेच्या गाडीने घेतली. स्कूटरची रवानगी मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. ना पूर्वसूचना, ना चौकशी समिती. एखाद्या उपअभियंत्याची अशी बदली झाली असती तर मी पेपरात दोन कॉलम लिहिले असते. स्वतःच्या बाबतीत मात्र 'बरं' एवढेच म्हणालो आणि दोरीवरचा ओला टॉवेल डोक्यावरून बाजूला सारत कचेरीत गेलो.

गाडी पांढरी आहे, लहान आहे आणि आवाज करत नाही. त्यामुळे ती आली की गेली हे समजायला खिडकीपर्यंत उठून जावे लागते.

नोंद म्हणून कारण लिहून ठेवतो. सतरा तारखेपासून हिला पासष्ट किलोमीटरवरच्या नव्या रुग्णालयात प्रयोगशाळाप्रमुख म्हणून रुजू व्हायचे आहे. चोवीस वर्षे लोकांचे रक्त तपासले, आता ते तपासणाऱ्यांना तपासायचे. रोज जायचे आणि रोज परत यायचे, असे ठरले आहे. ठरवले तिने, अनुमोदन माझे. बस तीन तास घेते आणि हजेरी आठची, म्हणून गाडी. ती संध्याकाळी घरी लावायची, सकाळी भरलेली काढायची. हे जमले नाही तर तिथेच खोली घ्यायची आणि शनिवार-रविवार घरी यायचे, हा तिचा पर्यायी बेत.

"तशी वेळ येणार नाही. एकटीला तिथे करमायचं नाही तुला," मी म्हणालो.

सात वर्षांपूर्वीही तिला असेच एक पद चालून आले होते. तेव्हा वडील अंथरुणाला खिळले होते, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटला.

५ मार्च, बुधवार

इलेक्ट्रिशियन बाई आल्या. वय पस्तिशीच्या आसपास, कमरेला टेस्टर, बोलणे मोजके. मला पहिल्याच वाक्यात 'काका' म्हणाल्या. हिला 'मॅडम'.

"काका, पोर्चमधला हा सॉकेट कुणी बसवला?"

"वडिलांनी. पंपासाठी लाइन ओढली होती, त्यातूनच काढला."

"हात चांगला होता त्यांचा. पण इस्त्री-बिस्त्री लावायला बसवला असणार. इस्त्री दहा मिनिटं वीज खाते आणि गप्प बसते. गाडी सहा-सात तास सलग खाणार."

मग त्यांनी मीटरची पेटी उघडली, वीजबिल मागितले, ते दिव्याखाली धरले आणि वैद्याने नाडी पाहावी तशा दोन क्षण थांबल्या.

"मंजूर भार तीन किलोवॅट. गाडी एकटीच सव्वातीन घेते. म्हणजे कागदावर बघायचं तर गाडी लावली की तुम्ही घरात दिवासुद्धा लावायचा नाही."

"कागदावर," मी म्हणालो.

"कागदावरच. तारा काही कागद वाचत नाहीत, त्या नुसत्या तापतात."

उपाय त्यांनी उभ्या उभ्या सांगितला. भार आठ किलोवॅट करून घ्यायचा. मीटरपासून गाडीपर्यंत वेगळी जाड केबल, स्वतंत्र ब्रेकर, नवे अर्थिंग. हे काम त्यांचे, एका दिवसाचे. भार वाढवायचा अर्ज आमचा, आणि तो मंजूर झाल्याशिवाय त्या केबलला हात लावणार नाहीत.

"तोवर?" हिने विचारले.

"तोवर नवा सॉकेट देते, चालून जाईल. फक्त एक सांभाळा मॅडम, गाडी लागलेली असताना पंप लावायचा नाही. एकाच लाइनवर आहेत. दोन्ही चालले की ब्रेकर पडणार. मग पंपही बंद, गाडीही बंद. घरातले दिवे वेगळ्या लाइनवर, ते चालूच राहणार. म्हणजे कुणाला पत्ताही लागणार नाही."

जाताना बिलावर बोट ठेवून म्हणाल्या, "अर्जावर यांची सही लागेल."

"ते वडील. सहा वर्षांपूर्वी वारले."

"मग आधी नाव बदलून घ्या, काका," असे म्हणून त्यांनी पेटीचा शेवटचा स्क्रू आवळला.

८ मार्च, शनिवार

नाव बदलण्यात तत्त्वतः अडचण काही नाही. घराचे कागद, बँकेचे खाते, गॅसची जोडणी, सगळे वर्षाच्या आत बदलून झाले होते. ते हिने केले. वीजबिल तेवढे माझ्याकडे होते.

अडचण आईची आहे. वडिलांच्या नावाने या घरात आता दुसरा कागद येत नाही. दर महिन्याला मी बिल नेऊन आईच्या पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवतो. ती चष्मा लावून ते बघते आणि उशाशी घडी करून ठेवते. एकोणऐंशी वर्षांच्या बाईकडून एवढे काढून घ्यायचे म्हणजे काय, हे वीज कार्यालयाला समजणार नाही.

हिने अर्ज आणला. सगळा भरला. वडिलांचा मृत्युदाखला, आईचे संमतिपत्र, माझे ओळखपत्र, सगळ्याच्या प्रती टाचून माझ्या टेबलावर ठेवल्या.

"सही इथे, इथे आणि इथे. आणि आईंची इथे."

"आईशी बोलायला हवं जरा सावकाश."

"बोला ना. खालच्याच खोलीत आहेत."

मुलगी जिन्यात उभी राहून ऐकत होती. कॉलेजला गेल्यापासून तिला ऐकायला पुष्कळ वेळ असतो.

"बाबा, वीज कार्यालयाच्या 'एक खिडकी योजने'वर तूच लिहिली होतीस ना पाच भागांची लेखमाला?"

"सहा."

"मग त्या खिडकीतून एकदा आत वाक की."

अर्ज वाऱ्याने उडू नये म्हणून शब्दकोशाखाली ठेवला आहे.

१२ मार्च, बुधवार

दरम्यानच्या काळासाठी मी आचारसंहिता तयार केली. 'गृहविद्युत्-व्यवहार-संहिता', एकूण सात कलमे. संस्कृत पाठशाळेत घालवलेली सात वर्षे कुठे तरी उपयोगी पडली पाहिजेत. गीझर सकाळी सहा ते सात. इस्त्री फक्त रविवारी, दिवसा. कलम तीन: सायंकाळी सात ते सकाळी सहा या काळात पंप सर्वथा निषिद्ध, अपवाद नाही. कलम सहा: गाडीची खबर देणारे अॅप मोबाइलवर घेणे, जबाबदारी प्रस्तुत लेखकाची.

ती फ्रिजवर चिकटवली; मुलीने समोर उभे राहून मोठ्याने वाचली. 'सर्वथा निषिद्ध'ला आई हसली. "अगं, तुझ्या बापाला लहानपणी 'अभ्यासाला बस' म्हटलं की हा आधी वेळापत्रक आखायचा. तीन रंगांत. ते आखण्यातच संध्याकाळ जायची."

हिने सगळे नीट वाचले. "छान लिहिलंय. अर्ज दिलात?"

"उद्या."

१७ मार्च, सोमवार

ती साडेसहाला निघाली. संध्याकाळी सातला परत. गाडीत तीस टक्के उरले होते. आल्या आल्या प्लग लावला, मग चपला काढल्या.

तिच्या हाताखाली अकरा माणसे आहेत. एक यंत्र अजून खोक्यातच आहे, आणि रुग्णालयाच्या आवारात अजून चार्जर नाही. जेवताना ती बरेच बोलली. तिला प्रयोगशाळेची सगळी मांडणी बदलायची आहे. नमुने एका दाराने आत आणि अहवाल दुसऱ्या दाराने बाहेर. टेबलावर मीठदाणी आणि पेले मांडून तिने दाखवले. मी विचारले, दमली असशील ना? म्हणाली, नाही.

दुपारी आई दोनदा म्हणाली की घर मोठे वाटते. मी म्हटले, तेवढेच आहे.

२० मार्च, गुरुवार

घडले ते क्रमाने लिहितो.

काल संध्याकाळी सव्वासातला गाडी लागली, तेव्हा चोवीस टक्के उरले होते. आठच्या सुमारास आई म्हणाली, नळाला पाणी बारीक येते आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन पंपाचे बटण दाबले आणि परत येऊन बातमीचे प्रूफ वाचत बसलो. दोन-तीन मिनिटांनी पंप थांबला. आमच्याकडे टाकी भरली की पंप बंद करणे हे आईचे खाते आहे, कारण वरून पाणी सांडल्याचा आवाज सगळ्यांत आधी तिला ऐकू येतो. मला वाटले, आईने बंद केला. आईला वाटले, मी बंद केला. दिवे चालू होते, पंखे चालू होते. ही दमून लवकर झोपली होती.

सकाळी सहाला ती पोर्चमध्ये गेली. गाडीत एकतीस टक्के. तेवढ्यात साठ किलोमीटरसुद्धा होत नाहीत.

"पंप कुणी लावला?"

"मी."

"किती वाजता?"

"आठच्या सुमारास."

"बरं," ती म्हणाली आणि पर्स घेऊन बस पकडायला गेली. मी स्कूटरवर सोडतो म्हणालो तेव्हा ती कोपऱ्यावर पोचली होती. वाटेतला सार्वजनिक चार्जर दहा दिवस बंद आहे. ती बातमी मीच दिली होती.

नऊला तिची तपासणी पथकाबरोबर पहिली बैठक होती. बस साडेसातला मिळाली, ही पोचली पावणेअकराला. तिच्याऐवजी तिच्या हाताखालच्या माणसाने पथकाला प्रयोगशाळा दाखवली आणि सगळे एकाच दाराने आत-बाहेर कसे चालते, ते समजावून सांगितले.

"बाबा, कलम तीन," मुलगी म्हणाली.

"विसरलो गं."

"पाणीपट्टीच्या बातमीतला आकडा तुला चार वर्षांनी आठवतो. आणि ते अॅप?"

"घ्यायचं राहिलं."

तिने माझ्या हातातला मोबाइल घेतला, दोन मिनिटांत अॅप टाकले आणि परत दिला.

मी मुद्दाम केले नाही. हे इथे लिहितो आहे म्हणजे कुणी तसे म्हटले असे समजू नये. कुणीच म्हटले नाही.

२२ मार्च, शनिवार

ही म्हणाली, तिथे कर्मचाऱ्यांच्या निवासात एक खोली रिकामी आहे. दुसरा मजला. खाली गाडीसाठी सॉकेट आहे, पण तो तिथे राहणाऱ्यांपुरताच.

"म्हणजे तात्पुरतं," मी म्हणालो.

"तुमचा अर्ज मंजूर होईपर्यंत."

"अर्जाचं काय आहे..."

"दिला नाहीत तुम्ही. माहीत आहे मला. कोशाखाली आहे."

तिने हे भांडणाच्या सुरात म्हटले असते तर मला उत्तर सुचले असते. ती चादरींच्या घड्या घालत होती. दोन चादरी, एक उशी, वाचायचा दिवा, गजराचे घड्याळ. एक जुनी प्लॅस्टिकची बादली बाजूला काढली, पाहिली आणि परत ठेवली. "तिथे नवीन घेईन," म्हणाली.

२५ मार्च, मंगळवार

कालपासून पोर्च रिकामा आहे. स्कूटर पुढे आणायला कुणाची हरकत नाही, पण आणली नाही.

संध्याकाळी आईपाशी बसलो. प्रस्तावना लांबली. वडिलांचे नाव, आठवण, कागदाला असणारा एक प्रकारचा जिव्हाळा, असे बरेच बोललो. आई चष्म्याची काच पुसत होती.

"अरे, तू बोलतोयस कशाबद्दल?"

"लाइटचं बिल. नाव बदलायचं म्हणतोय. तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला? मी कशाला वाईट वाटून घेऊ? दर महिन्याला तूच ते आणून माझ्या स्टुलावर ठेवतोस. मला वाटतं, ह्याला बरं वाटत असेल, म्हणून आपली बघते आणि ठेवून देते. सत्तर तरी साठलीत. गादीखाली उंचवटा झालाय."

मी म्हणालो, आधी का नाही सांगितलंस.

"तू कधी विचारलंस?" तिने चष्मा लावला. "आणि आता बोलतोयस तर सांगते. मागच्या खेपेला तिला नोकरी आली, तेव्हा तुझे वडील अंथरुणातून म्हणाले होते, माझ्यापायी तिला अडवू नका, बाई ठेवा एखादी. मी येऊन तुला सांगितलं होतं."

"मला आठवत नाही."

"नसेल," आई म्हणाली. मग सही कुठे करायची ते विचारले आणि केली. सुवाच्य.

२६ मार्च, बुधवार

वीज कार्यालय. मृत्युदाखल्यापासून सगळे कागद क्रमाने होते, हिने लावले होते तसेच. खिडकीतल्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लेखमालेवाले ना? तुम्ही लिहिलं होतं, इथे माणसाचं आयुष्य जातं." मी म्हणालो, काही प्रसंगी. त्यांनी सहा शिक्के मारले. नावबदल आणि भारवाढ, दोन्ही अर्ज एकदम घेतले. आयुष्यातली पंचवीस मिनिटे गेली.

सहा वर्षे मी ज्याला प्रदीर्घ प्रक्रिया म्हणत होतो ती एवढी होती. यावर सातवा भाग लिहिता येईल. लिहिणार नाही.

हिला फोन केला. "दिला अर्ज."

"हो का? बरं झालं." मागून कुणी तरी तिला मॅडम म्हणून हाक मारली. "नंतर बोलते."

नंतर बोलली, पण वेगळ्याच विषयावर. दोन दारांची मांडणी मंजूर झाली आहे.

८ एप्रिल, मंगळवार

मंजुरी आली. काल नवे मीटर बसले, आज इलेक्ट्रिशियन बाईंनी केबल टाकली. मीटरपासून खांबापर्यंत करडी जाड नळी, अंगणात खड्डा खणून नवे अर्थिंग, पोर्चमध्ये वेगळी पेटी. जुन्या पेटीतली वडिलांनी ओढलेली तार त्यांनी हलक्या हाताने सोडवली. "काका, तीस वर्षांची असेल, पण एक सांधा ढिला नाही. पंपाला हीच राहू देते. माझ्या हातून काढवत नाही."

मग म्हणाल्या, "आता हा ब्रेकर फक्त गाडीचा. पंप, गीझर, इस्त्री, काय लावायचं ते लावा. काही पडणार नाही. बघा लावून."

आम्ही सगळे लावले. वर गीझर, खाली पंप, मुलीच्या खोलीतला एसी, ताटकळलेली इस्त्री. आई म्हणाली, लग्नघर वाटतंय. वीस मिनिटे काही पडले नाही.

"गाडी कुठंय?" बाईंनी विचारले. "गाडीवर बघितल्याशिवाय काम पुरं होत नाही माझं."

"शुक्रवारी येईल," मी म्हणालो.

त्यांनी टेस्टर कमरेला खोचला. "शुक्रवारी येते मग," म्हणाल्या. या वेळी जाताना काका म्हणाल्या नाहीत.

११ एप्रिल, शुक्रवार

गाडी लागली. बाईंनी केबलला हात लावून पाहिला, पालथ्या पंजाने, ताप बघतात तसा. "थंड आहे," म्हणाल्या आणि गेल्या. ही पोर्चमध्ये उभी राहून नवी पेटी बघत होती. "किती सुटसुटीत झालंय," म्हणाली. तिला आवडले. सोमवारपासून जाऊन-येऊन करीन, असेही म्हणाली. मी फ्रिजवरची संहिता काढून टाकली. डिंकाचा चौकोन राहिला.

रविवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचे ठरवले आहे.

१४ एप्रिल, सोमवार

गेली, आली. साडेसात झाले. दमलेली होती. मी विचारले नाही, तिनेच सांगितले, की रस्ता फार आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

गेली, आली. आठ. जेवताना फारसे बोलणे झाले नाही. सकाळी गाडी शंभर टक्के भरलेली होती. मी सहालाच उठून दोनदा पाहून आलो.

१६ एप्रिल, बुधवार

साडेपाचला फोन आला. "अहो, आज इथेच राहते. उद्या सकाळी यंत्र बसवायला माणूस येणार आहे, सात वाजता."

"आणि गाडी?"

"खाली लावली आहे."

"म्हणजे खोली अजून सोडली नाहीस."

"नाही. राहू दे म्हटलं, कधी लागली तर." मागे कुणी तरी काही बोलले आणि ती हसली. पुष्कळ मोकळे हसली. मग मला म्हणाली, "चहाला थांबलोय आम्ही सगळे. आईंना गोळी द्यायला विसरू नका. लाल, जेवणानंतरची."

"नाही विसरणार."

"ठेवू?"

मी म्हणालो, ठेव.

गोळी दिली. आईने विचारले, येणार नाही का आज? मी कारण सांगितले, यंत्र, माणूस, सात वाजता. आई म्हणाली, "कारण नको रे सांगूस, मी सहज विचारलं."

अॅपवर तिची गाडी दिसते. चौसष्ट टक्के, पासष्ट टक्के. तिथली वीज चांगली आहे, पटापट चढते. संध्याकाळभर बघत होतो. मुलगी येऊन शेजारी बसली आणि तीही बघू लागली. शहात्तरला उठून गेली.

आता जे आहे ते लिहून टाकतो. तिला तिथे त्रास होईल, एकटे वाटेल, अशी काळजी मी दीड महिना सगळ्यांना बोलून दाखवली. ती मला नव्हती. तिला तिथे बरे वाटेल, ही भीती होती, आणि तिला तिथे बरे वाटते आहे. रोज ये, असे मी म्हटले तर ती येईल, दमून, आठ वाजता, काही न बोलता येत राहील. म्हणून म्हणणार नाही. पण मी म्हटले नाही तर ती किती दिवस येईल, हे मला माहीत नाही. विचारायचीही भीती वाटते.